मान खाली, मान वर : कामाच्या ठिकाणची देहबोली

(महापे येथे कंपन्यांमध्ये कामाला जाणाऱ्या आणि जाऊ इच्छिणाऱ्या गटसदस्यांसमोर केलेलं हे भाषण. बऱ्याच जणींनी मागितलं म्हणून लिहून काढलं. बोलले तसंच बहुतेक ठेवलं आहे. – क्षेत्र समन्वयक)

मागे भिंतीला टेकून बसलेल्या ताई-मावशींनो, पुढे जागा आहे, सतरंजी मोकळी आहे, या पुढे. नाही? बरं, राहू दे. पण तुम्ही मागेच का बसलात हाही आजच्या विषयातलाच प्रश्न आहे.

कागदावर विषय लिहिलाय 'देहबोली'. शब्द ऐकून वाटतं हे काहीतरी शहरातलं, इंग्रजी शाळेतलं असणार. तसं अजिबात नाही. सून नाक मुरडते, सासू डोळे वटारते, शेजारीण तोंड फिरवते, उधार मागितलं की भाऊजी हात झटकतात, कुणी नजर चुकवतं, कुणाच्या कपाळाला आठ्या पडतात, कुणी पदर खोचून उभी राहते. ही सगळी देहबोलीच आहे. मराठीत तर अर्धे वाक्प्रचार शरीरावरच आहेत. बाजारात गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतं भाव विचारून जाणार आहे, हे कोळीणमावशीला त्याच्या पायांकडे बघून कळतं. तोंडाने तो काहीही म्हणो, पाय जर निघायच्या दिशेला वळले असतील तर ती म्हावरं साफ करायला घेत नाही. म्हणजे मी तुम्हाला नवीन काही शिकवत नाहीये. घरात आणि बाजारात जे येतं ते कंपनीच्या गेटवर गेल्यावर कुठे जातं, तेवढंच आज बघायचंय.

कारण गेटवर खरंच फरक पडतो. महापे म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी. पॅकिंग लाईन, हाऊसकीपिंग, कॅन्टीन, पाळणाघर, सिक्युरिटी, यातली बहुतेक कामं ठेकेदारामार्फत मिळतात. ठेकेदार आपल्याला किती वेळ देतो? पाच मिनिटं. तेही बऱ्याचदा उभ्याउभ्या, गेटच्या बाजूला, मागून टेम्पोचा हॉर्न वाजत असताना. आपण पहाटे उठून पाणी भरून, डबे करून, शेअर रिक्षा आणि बस बदलून तिथे पोचलेलो असतो. त्या पाच मिनिटांत हातात किती येणार, सुट्टी कुठली, पीएफ कापणार की नाही हे ठरतं. पुढचं वर्षभर त्यावर चालतं.

आधी एक गैरसमज बाजूला काढते, कारण मोबाईलवर तो फार फिरतो आणि प्रशिक्षणांतही सांगतात. 'बोलण्यात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, बाकी ९३ टक्के आवाज आणि चेहरा.' हा आकडा अमेरिकेतल्या अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यात लोकांना एकेकटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या माणसाची भावना काय वाटते? एका प्रयोगातला शब्द होता 'मेबी', म्हणजे आपलं 'बघू'. आता बँकेतले साहेब 'बघू' म्हणाले तर ते हो आहे की नाही, हे आपण शब्दावरून ओळखतो का? चेहऱ्यावरूनच ओळखतो. प्रयोग तेवढ्यापुरता होता. सगळ्या बोलण्याला हा हिशेब लागत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. म्हणून कुणी सांगितलं की 'काय बोलता ते सोडा, कसं उभं राहता ते बघा', तर ऐकू नका. पगाराचा आकडा हा शब्दच आहे आणि तो नीट बोलावा आणि ऐकावा लागतो. शरीराने त्या आकड्याला आधार द्यायचा, एवढंच त्याचं काम.

दुसरं तसंच. मुलाखतीच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती पुढे काढून उभं राहिलं की हिंमत वाढते, असा व्हिडिओ तुमच्यापैकी कुणी बघितला असेल. हे २०१० च्या एका छोट्या अभ्यासावरून आलं. चाळीस-बेचाळीस माणसं होती त्यात. पुढे दोनशे माणसांवर तेच करून बघितलं, तेव्हा शरीरातल्या संप्रेरकांत बदल काही सापडला नाही. शिवाय आपल्याकडे कमरेवर हात म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. विठोबा उभा राहिला तर देव, आपण उभ्या राहिलो तर भांडखोर! तेव्हा ते राहू दे.

मग करायचं काय? गटातल्या बायकांना बोलताना बघून मला जे दिसतं ते सांगते. आपण स्वतःच्या कामाचा दर सांगतो त्या क्षणी हसतो. तोंडावर पदर किंवा हात जातो आणि आवाज शेवटच्या शब्दाला खाली पडतो. 'बारा हजार... म्हणजे तुम्ही द्याल ते.' ठेकेदाराने अजून तोंडही उघडलेलं नसतं आणि आपणच दर पाडलेला असतो. हे हसू आनंदाचं नसतं. पैशाचं बोलणं बाईच्या तोंडी शोभत नाही हे लहानपणापासून ऐकलंय, त्या संकोचाचं हे हसू आहे. घरात ते चालून जातं. गेटवर त्याचा अर्थ 'हिला घासाघीस करता येते' असाच घेतला जातो.

म्हणून आकडा सांगायचा, तोंड मिटायचं आणि थांबायचं. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. ते पाच आकडे फार लांब वाटतात, पण मोजायचे. हातात पिशवी असेल तर ती पोटाशी कवटाळू नका, बाजूला धरा किंवा खाली ठेवा. कागदपत्रांची फाईल मात्र हातात हवी. माणसाच्या डोळ्यांत बघणं जमत नसेल तर त्याच्या भुवयांच्या मध्ये, आपण कुंकू लावतो तिथे बघा. समोरच्याला फरक कळत नाही. आणि प्रश्न विचारताना 'एक विचारू का, रागावणार नाही ना' ही सुरुवात नको. सरळ विचारायचं: हातात किती? पीएफ, ईएसआयसी कापणार का आणि यूएएन नंबर कधी मिळणार? आठवड्याची सुट्टी कुठली? कारखान्यात जादा कामाचा दर दुप्पट आहे, तो इथे कसा देता?

सहीचंही सांगून ठेवते. ठेकेदाराचा माणूस रजिस्टर स्वतःच्या हाताखाली दाबून धरतो, वरचा मजकूर झाकतो आणि बोट ठेवून म्हणतो, 'इथे करा.' आपण वाकून सही करतो. त्याऐवजी रजिस्टर आपल्या हातात घ्या. टेबल असेल तर टेबलावर ठेवा, खुर्ची असेल तर बसा, आकड्यावर बोट ठेवून वाचा आणि मग सही करा. चष्मा लागत असेल तर तो पिशवीतून काढून लावायला लागेल तेवढा वेळ लावा. यात उद्धटपणा काही नाही. बँकेत साहेब असंच करतात, त्यांना कुणी उद्धट म्हणत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं सांगायला सोपं आहे. मान्य. कारण हा नुसता सवयीचा प्रश्न नाही. 'मान खाली घालून जाते, मान खाली घालून येते, पोरगी चांगल्या घरची आहे.' हे कौतुकाचं वाक्य आहे ना आपल्याकडे? म्हणजे मान खाली घालण्याला आपण बक्षीस दिलंय. कुणी कुणासमोर वाकायचं, कुणी खाली बसायचं, कुणी चपला हातात घ्यायच्या हे आपल्या समाजात जातीवरून आणि बाई-पुरुषावरून ठरलेलं होतं. काही ठिकाणी अजून आहे. शरीर ते विसरत नाही.

आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातलीच गोष्ट आहे. डिसेंबर १९२७, महाडची सत्याग्रह परिषद. मनुस्मृती जाळली ती तिथे, २५ डिसेंबरला. त्याच वेळी बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले. शिक्षणाबद्दल बोललेच, पण लुगडं कसं नेसता आणि अंगावर दागिने कसले घालता याबद्दलही बोलले. नेसण्यावरून आणि गळ्या-हातातल्या ठरावीक दागिन्यांवरून ही बाई कुठल्या जातीची हे लांबूनच ओळखू यायचं आणि तशी वागणूक मिळायची. ती ओळखच टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी लगेच नेसणं बदललं, असं त्या वेळच्या आठवणींत आहे. विचार करा, पाणी आणि मंदिर यांचा लढा चाललेला असताना त्या माणसाला लुगड्याच्या काठाबद्दल बोलावंसं वाटलं. हात जोडून, वाकून 'जोहार' घालणंही त्याच काळात लोकांनी सोडायला घेतलं. तेव्हा खांदे सरळ करा म्हणणं हे वरवरचं आहे असं मला वाटत नाही. पण ते एकटीने करायला सांगणंही मला पटत नाही. महाडला त्या सगळ्या जणी मिळून होत्या.

आता दुसऱ्याची देहबोली वाचण्याबद्दल. इथे जरा सांभाळून. आपण म्हणतो, 'चेहऱ्यावरूनच कळतं खोटं बोलतोय.' संशोधकांनी असे कितीतरी अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये हिशेब मांडला, तर खरं-खोटं ओळखण्यात माणसं शंभरातून साधारण ५४ वेळा बरोबर निघाली. म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडं बरं. सुपरवायझर आठ्या घालून बोलला म्हणजे तो आपल्यावर चिडलाय असं नाही. मशीनच्या आवाजात सगळेच कपाळ आक्रसून बोलतात. लाईनवर तुमच्या शेजारी उत्तर प्रदेशची, बिहारची, ओडिशाची बाई असेल. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली बघत बोलते म्हणजे तिला घमेंड आहे किंवा ती काही लपवते, असं नाही. तिच्या गावात मोठ्यांशी असंच बोलतात. एका खुणेवरून माणूस ठरवू नका. दोन-तीन खुणा बघा, आणि शंका आली तर विचारा. विचारणं सगळ्यात स्वस्त.

आणि एक खूण आपण स्वतः बदलायलाच हवी: मान डोलावणं. आपली मान डोलते तेव्हा तिचा अर्थ असतो 'ऐकतेय'. सुपरवायझरला वाटतं 'कळलं'. पॅकिंगमध्ये यावरून चुकीचं लेबल लागतं, ते एक वेळ निस्तरता येतं. पण या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत. 'या ड्रमला हात लावायचा नाही' हे वाक्य हिंदीत, मास्कमधून, आवाजात सांगितलं गेलं आणि आपण मान डोलावली, तर ते महागात जाईल. म्हणून सूचना ऐकली की ती आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायची. 'म्हणजे निळ्या झाकणाचा ड्रम सोडून बाकी हलवायचे, बरोबर?' नाही कळलं तर हात वर करून 'परत सांगा'. सामान उचलणारी फोर्कलिफ्ट येत असेल तर चालकाची आणि आपली नजरानजर होईपर्यंत आणि त्याने हाताने जा म्हणेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. इथे मात्र नजरेला नजर हवीच.

आता जो भाग बोलायला आपण टाळतो तो. मागच्या ओळीत कुजबुज सुरू झालीच, म्हणजे विषय कळला. स्टोअररूमच्या दारात आडवं उभं राहणं. पासकार्ड देताना बोटं धरून ठेवणं. जागा असताना अंगाला घासून जाणं. वरपासून खालपर्यंत बघणं. आपण दिसलो की गाणं गुणगुणणं. त्याने शब्द तर काही उच्चारलेला नसतो, मग तक्रार कशाची करायची? असं वाटतं. पण कायद्याने हे धरलंय. राजस्थानातल्या भंवरीदेवी, आपल्यासारखंच गावपातळीवर काम करणाऱ्या साथीण, बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून पुढे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक सूचना आल्या आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्यात नको असलेलं शारीरिक, तोंडी आणि 'बिनशब्दांचं' वर्तनसुद्धा छळ म्हणून लिहिलंय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्येही बाईचा अपमान करण्याच्या हेतूने केलेला हावभाव गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

या कायद्यातला शब्द लक्षात ठेवा, 'नको असलेलं'. आपल्याला नको होतं का, हा प्रश्न आहे. आपण किंचाळलो का, हा नाही. पुष्कळ जणी अशा वेळी हसतात. घाबरून हसतात, प्रसंग निभावून न्यायला हसतात, नोकरी जाऊ नये म्हणून हसतात. काही जणींचं अंग थिजतं, आवाज फुटत नाही. नंतर लोक म्हणतात, 'हसली ना ती, म्हणजे तिला चालत होतं.' हे आपण बायकाच जास्त म्हणतो, म्हणून इथे सांगते. हसणं म्हणजे होकार नाही. थिजणं म्हणजेही होकार नाही. आपल्या गटातली कुणी असं सांगत आली तर 'तू तेव्हाच का नाही बोललीस' हे वाक्य तोंडातून काढू नका.

जिला जमेल तिने एक पाऊल मागे घ्यायचं, तळहात पुढे करायचा आणि चारजणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, 'लांबून बोला.' त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण होतं हे वहीत लिहायचं. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष बाई असते आणि निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. समिती नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, किंवा तुम्ही घरकाम करत असाल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. आणि 'मी तर ठेकेदाराची, कंपनीची नाही' म्हणून गप्प बसू नका. ठेक्यावरची, रोजंदारीची, सगळ्या जणी या कायद्यात येतात. तातडीने कुणाशी बोलायचं असेल तर १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे.

बसण्याबद्दल एक सांगते आणि मग आपण खेळ करू. केरळमध्ये कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसूच देत नव्हते. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं, कारण बसलेली बाई आळशी दिसते. कोळिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने अशा जणींना एकत्र केलं आणि 'बसण्याचा हक्क' मागितला. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात तो लिहून घेतला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही. उभं राहून काम करावं लागणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी, हे कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यात, कलम ४४ मध्येच लिहिलं गेलं होतं. तुमच्या लाईनवर स्टूल आहे का, ते उद्या बघून या.

आपल्या बैठकीत आपण गोल करून बसतो. पंचसूत्री पाठ असते, गोल का करायचा ते कुणी सांगत नाही. गोलात पाठीमागची ओळ नसते. प्रत्येकीचा चेहरा प्रत्येकीला दिसतो, कर्जाला कुणाची नाराजी आहे ते बोलण्याआधी दिसतं. पण मी बघते, गोल हळूहळू चपटा होतो. अध्यक्ष-सचिव एका बाजूला पेटीजवळ, नवीन सून दाराशी, आणि जिचा हप्ता थकलाय ती कुणाच्या तरी आडोशाला. हप्ता थकलेली जिथे बसते तिथून तिला बोलता येत नाही आणि आपल्याला तिची अडचण कळत नाही. पुढच्या बैठकीत जागा बदलून बसा. पेटी मधे ठेवा. सचिवताई दाराशी बसतील.

चला, आता उठा सगळ्या. जोड्या करा. आपल्या ओळखीची नको, दुसऱ्या गावची घ्या. एकीने ठेकेदार व्हायचं, एकीने कामाला आलेली बाई. ठेकेदारीणबाईंनी रजिस्टर हाताखाली दाबून धरायचं, मोबाईलमध्ये बघत बोलायचं, घाई करायची, सगळं खऱ्यासारखं. दुसरीने दर सांगायचा आणि पाच आकडे मोजायचे. जी हसेल तिने परत पहिल्यापासून सुरू करायचं. मागच्या ओळीतल्या मावशी, तुमच्यापासून सुरुवात. या, मी होते तुमची ठेकेदार.